फर्रुखनगरचा कावळा

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा यात काडीचाही संबंध नाही त्यांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की राजधानी दिल्ली व परिसरातले कावळे निघून गेले आहेत. कुठे गेले, कोणाला विचारून गेले, परत कधी येणार, याचा कसलाही खुलासा झालेला नाही. कबुतरं हवी तितकी आहेत. परंतु आपला बाप कबुतराच्या हवाली करायला अजून एकही मराठी घर तयार झालेलं नाही.

हसू नका. या टंचाईपायी माझ्या मामीचं राहतं घर अख्खं वर्ष टांगणीला लागलं होतं.

माझा मामा तरुणपणी केंद्र सरकारच्या नोकरीवर दिल्लीला आला, करोल बागेत दोन खोल्यांत राहिला, तिथेच निवृत्त झाला आणि एका पौषात, धुकं दाराशी आलेलं असताना, तिथेच गेला. दहाव्या दिवशी यमुनेच्या घाटावर पिंड मांडला. आम्ही सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघू लागलो. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा पुरी झाली; नाही शिवला म्हणजे त्याचं मन कशात तरी अडकलेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कावळा आला नाही. मामाच्या अर्ध्या खात्याने हात जोडून आश्वासनं दिली, तरी आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याच्याकडून पिंडाला शिववून घेतलं. शास्त्रात तशी सोय आहे. नसती, तर निम्मी दिल्ली अजून घाटावर उभी असती.

मामी तिथे काही बोलली नाही. तेराव्याला बोलली. माझी मामेबहीण, म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, गुरुग्रामला एकोणिसाव्या मजल्यावर राहते. तिने सगळ्या नातेवाइकांसमोर विषय काढला. "आई, आता इथे एकटीने नाही राहायचं. तुझी खोली रेडी आहे. चलो."

"येते की," मामी म्हणाली. "पण ह्यांना खरा कावळा शिवू दे. गवताचं मी धरत नाही. खरा कावळा शिवला, की त्याच दिवशी बॅग भरते."

बहीण दिल्लीत वाढलेली. दर्भ म्हणजे काय ते तिला मला विचारावं लागलं. पण "त्याच दिवशी" तिला स्वच्छ कळलं. ती एका मोठ्या कंपनीत लोकांकडून वेळेत कामं करून घेते. कावळ्याकडूनही करून घेईन, असं तिला वाटलं.

मग वर्षभर प्रयत्न झाले. गुरुग्रामच्या गॅलऱ्यांना जाळ्या, आणि पक्ष्यांना खाऊ घालू नये अशी सोसायटीची पाटी. करोल बागेच्या गच्चीवर पितृपक्षात पान ठेवलं, तर ते माकडाने द्रोणासकट नेलं. मी म्हणालो, "मामी, माकडही आपला पूर्वजच की." त्यानंतर बरेच दिवस मला त्या घरात चहा मिळाला नाही.

आणि मग वर्षश्राद्ध आलं. आदल्या आठवड्यात बहिणीला एक साक्षात्कार झाला. तिने मला फोन केला. "दादा, आपण चुकतोय यार. कावळा कुठे आहे ते कशाला शोधायचं? बाबांचं मन कुठे अडकलंय ते शोधू या. कळलं मला. फर्रुखनगर!"

हे ऐकून मी खुर्चीतच सरळ झालो. कारण बरोबर होतं.

मामाला किल्ल्यांचं वेड. दर रविवारी तो आम्हाला कुठल्या ना कुठल्या तटावर चढवायचा. तुघलकाबाद झालं, पुराना किला तर इतक्या वेळा की तिथली कुत्री आमच्याकडे बघून शेपटी हलवायची. संक्रांतीच्या सुमाराला पानिपतला काला अंब, म्हणजे मराठे लढले ती जागा, ठरलेलं. तिथे व्याख्यान संपेपर्यंत पुरीभाजीचा डबा उघडायची बंदी असे. मामा आधी दोनदा खाकरायचा, माकडटोपी कानांवरून वर सारायचा, मान तिरकी करून कमानीकडे बघायचा आणि सुरू व्हायचा. तेवढं एक फर्रुखनगर राहिलं. गुरुग्रामच्या पलीकडे, गाडीने तासाभरावर. तटबंदीचं, एके काळी मिठाच्या व्यापारावर गब्बर झालेलं गाव. पण जायचं ठरलं की कधी गाडी बंद पडे, कधी पाहुणे येत, कधी कोणाला ताप. शेवटी आमच्याकडे "पुढच्या रविवारी फर्रुखनगर" म्हणजे "कधीच नाही" असा अर्थ होऊन बसला.

"फर्रुखनगरला?" मामी म्हणाली. "इतक्या लांब? थंडी बघितलीस का बाहेर?"

"आई, हीटर आहे गाडीत," बहीण म्हणाली, आणि ठरलं.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजींना पुढे आणखी घरं होती, म्हणून त्यांनी आमचं भल्या सकाळी उरकलं. मामीने कावळ्याचं पान एका स्टीलच्या डब्यात नीट भरलं: भात, वरण, खीर, मामाचे जीव की प्राण वडे, आमसुलाची चटणी. कावळ्याने तोंड लावल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा तिचा नियम. आम्ही तिघे उपाशीपोटी निघालो. मी गाडी चालवत होतो, मामी मागे डबा मांडीवर घेऊन, आणि बहीण माझ्या शेजारी बसून दर दहा मिनिटांनी "पोचलो ना?" विचारत.

ते धुकं मी कधी विसरणार नाही. गुरुग्रामचे टॉवर्स कमरेपासून वर नाहीसे झाले होते. नुसते पाय उभे. शहर संपलं तसे तेही संपले, आणि मग काचेपुढे काही उरलंच नाही. पुढच्या ट्रकचे दोन लाल दिवे तेवढे खरे. घड्याळात दुपार व्हायला आली, बाहेर मात्र पहाट जागच्या जागी थांबलेली.

वाटेत सुलतानपूरचा तलाव लागतो. तिथे हिवाळ्यात लांब लांबचे पक्षी उतरतात. बहीण म्हणाली, "दादा, थांब. इथे बर्ड्सच बर्ड्स आहेत. एक कावळा नसेल?"

फाटकावरच्या शिपायाने डबा बघितला. "खाना अंदर नहीं जाएगा."

"खाना नहीं है भैया, पान है," मामी म्हणाली.

"पान भी नहीं जाएगा."

शेवटी डबा गाडीत ठेवून आम्ही नुसते बघायला आत गेलो. कावळा दिसला तर त्याला गोड बोलून बाहेर आणू, अशी माझी योजना होती. आत पाणी दिसत नव्हतं. पाण्याच्या जागी पांढरं काहीतरी पसरलेलं होतं आणि त्याच्या आतून आवाज येत होते: हजारो जिवांची कुजबुज, मधूनच पंखांची फडफड, आणि सगळं एकदम गप्प. बाभळींवर मोठे बगळे वाळत घातलेल्या पंच्यांसारखे लोंबत होते. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे हजर होते. गावचा कावळा तेवढा नव्हता.

आणि मग आमच्या उजव्या हाताला, अगदी जवळ, कोणीतरी खाकरलं. एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा.

आम्ही तिघेही उभे राहिलो. त्या बाजूला वाट नव्हती. नुसतं पाणी आणि लव्हाळी.

"कोई होगा," बहीण म्हणाली. घाबरली की ती हिंदीत जाते.

"काही बगळे असेच ओरडतात," मी म्हणालो. ते खरं आहे. पण ते तिथे सांगताना माझा आवाज मलाच पटला नाही.

मामीने शाल डोक्यावरून पुढे ओढली. "चला परत. इथे काही नाही."

"आई, आत्ता तर कुठे!" बहिणीचे डोळे चमकत होते. "ऐकलंस ना? बाबा आलेत. आज काम होणार."

 गाडीत बसताना मामीने डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. म्हातारं माणूस, भ्यायलीय, असं मला वाटलं.

फर्रुखनगर आम्हाला दिसलं नाही, ते अंगावरच आलं. धुक्यातून एकाएकी एक दरवाजा पुढे झाला, काळपट, प्रचंड, आणि आम्ही त्याच्या पोटातून पलीकडे गेलो. पलीकडे बाजार असणार. पण थंडीने सगळी दुकानं अर्ध्या शटरवर होती. कुठे शेकोटीपाशी घोंगड्या पांघरलेल्या आकृती, चेहरे नाहीतच. दरवाज्याच्या कडेला एका चहावाल्याचा स्टोव्ह भुरभुरत होता. मी गाडी लावली आणि बावडीची, म्हणजे तिथल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीची, वाट विचारली. तिच्याबद्दल मामा नेहमी बोलायचा.

"सीधे जाकर दूसरे दरवाजे के पास," चहावाला म्हणाला. "बाबूजी तो गए उधर ही."

"कौन बाबूजी?"

"आपके वाले. टोपी पहने थे." त्याने दोन्ही हात कानांवरून वर नेऊन दाखवलं. "आपसे थोड़ा आगे-आगे. मैंने कहा चाय पी लो, बोले, लौटकर."

आता शांतपणे विचार करा. दिल्लीच्या जानेवारीत साठी ओलांडलेला प्रत्येक पुरुष माकडटोपीत असतो. टोपी सारायची तीच एक रीत आहे. गावात एखादा म्हातारा बावडीकडे गेला असेल आणि चहावाल्याने त्याची आमच्याशी गाठ घातली असेल. मी हे सगळं मनात व्यवस्थित मांडलं. तरी मानेवर कोणीतरी थंड बोट टेकवल्यासारखं वाटत राहिलं.

"देखा?" बहीण कुजबुजली.

"मला चहा हवाय," मामी म्हणाली.

"आई! कावळा शिवेपर्यंत काही नाही म्हणालीस ना तूच?"

"म्हणाले खरी," असं म्हणून मामी दरवाज्याकडे बघत उभी राहिली. म्हणजे आम्ही जिथून आत आलो त्या दरवाज्याकडे.

वाटेत शीशमहाल लागतो. "बाबांना दाखवायचा होता, दोन मिनिटं बघू," असं बहीण म्हणाली. मला वाटतं तिला थोडा धीर गोळा करायचा होता. लाल दगडाचं जुनं घर, अंगणात सुकलेला पाट, वर एका झरोक्यात आरशाचे तुकडे जडवलेले. तुकडे इतके बारीक की अख्खा माणूस कशातच मावत नाही. एकात डोळा, एकात नाकाचा शेंडा. जिना चढून आम्ही त्यापुढे आलो आणि भिंतभर आमची मोडतोड झाली.

"दादा," बहीण हळूच म्हणाली, "टोपी कुणाची आहे?"

वरच्या एका तुकड्यात तपकिरी लोकरीचा गोल दिसत होता. माझं डोकं उघडं, गळ्यात मफलर. बहिणीचे केस मोकळे.

"अगं, मामीची शाल असेल," मी म्हणालो. शाल तपकिरीच होती. मी वळून पाहिलं. मामी खाली अंगणात होती. वर आलीच नव्हती.

यावर आम्ही चर्चा केली नाही. दोघेही जिना फार भराभर उतरलो, इतकंच सांगतो.

बावडी दुसऱ्या दरवाज्याला चिकटून आहे. भिंतीतून एक बुटकी वाट खाली उतरते; वाकून जावं लागतं. वाटेतला काळोख ओला होता, आणि त्याला मिठासारखी चव होती. ओठ चाटल्यावर कळलं. मग एकदम वर आभाळ, म्हणजे धुकं, आणि खाली भलीमोठी गोल विहीर. भोवती कमानींचा व्हरांडा. तळाशी हिरवं पाणी, त्यावर काडीही हलत नव्हती. टोपीवाले बाबूजी नव्हते. परत जायला तीच एक वाट होती आणि तिच्यातून आम्हाला कोणी भेटलं नव्हतं.

मामीने कठड्यावर पान वाढलं. वडा मात्र तिने खिरीच्या द्रोणाआड लपवल्यासारखा ठेवला. बहिणीने तो पुढे घेतला. आम्ही समोरच्या कमानीत जाऊन उभे राहिलो.

कावळा काही आला नाही.

"बोलायला लागेल," बहीण म्हणाली, आणि तिने हात जोडले. "बाबा, आईला मी नेते. तिची खोली छान आहे, सकाळी ऊन येतं, लिफ्ट आहे, खाली मंदिर आहे. मी तिला अजिबात एकटं ठेवणार नाही. तुम्ही बिल्कुल काळजी करू नका."

"करू नका," विहीर म्हणाली.

आवाज बहिणीचा नव्हता. प्रतिध्वनी घोगरा होऊनच येतो, हे मला माहीत आहे. मी नुसतं सांगतोय.

मग माझी पाळी. "मामा, तुझी पुस्तकं मी नेतो. रद्दीत जाऊ देणार नाही." काही नाही. "काला अंबला दर वर्षी जाईन." काही नाही. "व्याख्यान झाल्याशिवाय पुरीभाजीला हात लावणार नाही." विहिरीने तेवढं एक "नाही" परत दिलं.

"आई, तू बोल," बहीण म्हणाली. "तुझंच ऐकतील."

"माझं काय राहिलंय बोलायचं?"

"काहीतरी असेल ना! येते म्हण माझ्याकडे. सांग त्यांना, की मी चाललेय, सुटा आता."

मामीने पानाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर थंडीत घाम होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि तेव्हा आम्हाला नखांचा आवाज आला. दगडावर, सावकाश. टक. टक. टक.

तो उडत आला नाही. उजवीकडच्या कमानीच्या काळोखातून चालत आला. साधाच कावळा, राखाडी मानेचा, थोडा पोक काढलेला. घाई काहीच नाही. पहिल्या कमानीखाली थांबला, मान तिरकी केली, वर कमानीच्या टोकाकडे पाहिलं. समाधान झाल्यावर पुढच्या कमानीकडे निघाला. तिथेही थांबला. तिथेही वर पाहिलं. बहिणीने माझं मनगट इतकं आवळलं की बोटं बधिर झाली. ती रडत होती आणि हसतही होती. "बाबा," ती नुसते ओठ हलवून म्हणाली. मी चेष्टेखोर माणूस. पण मीही मनात "मामा" म्हणालो. कारण एवढा वेळ मी ज्याची समजूत घालत होतो तो माझा शहाणपणा पार संपला होता.

कठड्यापाशी आल्यावर कावळ्याने एकदा आमच्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग घशातून आवाज काढला, दोनदा, कोरडा. एक टांग उचलून वर चढला आणि पानाच्या कडेशी उभा राहिला. भात वगळला. खीर वगळली. वड्यापुढे येऊन चोच खाली केली.

माझ्या हाताखालचा खांदा नाहीसा झाला. पासष्टीची मामी, गुडघ्यांची मामी, जिने बसून उतरणारी मामी, त्या ओल्या दगडांवरून धावत सुटली. शाल मागे पडली. दोन्ही हात पुढे पसरून ती पान आणि कावळा यांच्या मध्ये जाऊन उभी ठाकली, आणि नवऱ्याशी बोलावं तशी त्या कावळ्याशी, अख्खी विहीर दणाणेल अशा आवाजात ओरडली:

"अहो, शिवू नका! मला नाही जायचं तिच्याकडे, मला एकटीला फार छान वाटतंय!"